ताईंचं रक्त आणि पुदिन्याचा अर्क

आमच्या प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींचे अर्क रक्तावर तपासतात. एका नळीत ताज्या रक्तातल्या तांबड्या पेशी घेऊन त्यांना फोडणारं रसायन घालायचं. शेजारच्या नळीत तेच, पण अर्कासकट. अर्क गुणाचा असला तर तिथे पेशी कमी फुटतात आणि वरचं पाणी कमी लाल होतं. बाहेरून रक्त आणायची कटकट नको म्हणून ते आमच्या मदतनीस ताईच देत. नळ्या त्यांनीच धुवायच्या, अर्क त्यांनीच गाळायचा, वर सुईपुढे हातही त्यांचाच. साहेब याला सहकार्य म्हणत. माझ्याकडे दुसरा शब्द आहे, पण तो छापण्याजोगा नाही.

ताई कायम थकलेल्या. जिना चढल्या की भिंतीला टेकायच्या. "हिला कामाचा कंटाळा," असं त्यांच्या सासूबाई येईल त्याला सांगत आणि नवरा मान डोलवी. लग्नापासून ऐकून ऐकून ताईंनाही ते पटलं होतं. "मी मेली आहेच आळशी," म्हणून हसायच्या. मला ते हसणं बघवत नसे.

यंदा पुदिन्याच्या अर्कानं कमाल केली. बिनअर्काची नळी लालभडक, अर्काची जवळजवळ स्वच्छ. "याला म्हणतात अँटीऑक्सिडंट!" साहेब हवेतच होते. मग एका सकाळी ताईंना चक्कर आली, म्हणून रक्त मी दिलं. दोन्ही नळ्यांत फरक जेमतेम.

"तू काहीतरी घोळ घातलास," साहेब डाफरले आणि त्यांनी स्वतःचं रक्त दिलं. तरी तेच.

मी आमच्या तिघांच्या बिनअर्काच्या नळ्या शेजारी शेजारी लावल्या. माझी फिकट, साहेबांची फिकट. ताईंची, आदल्या दिवशीची, तेवढी लाल. पुदिना होता तेवढाच गुणाचा होता. ताईंच्या पेशीच तग धरत नव्हत्या.

ताई नको नको म्हणत असताना मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या.

"तुमच्या तांबड्या पेशी फार लवकर फुटतात," डॉक्टर म्हणाले. "जन्मापासूनचं दुखणं आहे. या अंगानं एवढी वर्षं घर आणि नोकरी कशी केलीत?"

ताईंना रडू कोसळलं. घाबरल्या असतील म्हणून मी पाठीवर हात ठेवला.

"अगं, म्हणजे मी आळशी नव्हते," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, आजचा स्वयंपाक तुम्ही करा. मी आजारी आहे." पलीकडून कुरकुर ऐकू आली, मग "आईला सांगतो." ताईंनी डोळे पुसले.

"नको, तुम्ही नका सांगू," त्या म्हणाल्या. "फोन आईंकडे द्या."