टेनिसमध्ये दूधभात नसतो

पंधरा, तीस आणि मग चाळीस. फळ्यावर टेनिसचे गुण म्हणून एवढं लिहिलं आणि माझ्या चौथीच्या वर्गात दंगा उसळला.

"मॅडम, पंधरा त्रिक पंचेचाळीस!"

"मंग पाच कोनं खाल्ले?"

ज्या पोरांकडून मी पाढे घोकून घेतले होते, त्यांनी मला माझ्याच पाढ्यात पकडलं होतं. तालुक्याच्या टेनिस प्रशिक्षणात हाच प्रश्न मी विचारला, तेव्हा "नियम आहे मॅडम" म्हणून प्रशिक्षकांनी हात झटकले होते. मीही तेच केलं, वर डोळे वटारले. अज्ञान झाकायला शिक्षकाकडे याहून स्वस्त साधन नाही.

त्या प्रशिक्षणातून प्लास्टिकच्या रॅकेटी आणि मऊ चेंडू पिशवीत कोंबून मी आणले होते. सडक अर्जुनीच्या हायवेवरून आत वळलं की धानाच्या बांध्यांमध्ये आमची शाळा आहे. तिथं टेनिस कुणी टीव्हीवरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. तळ्यावरच्या ढिवरांनी एक जुनी मासे धरायची जाळी दिली, ती दोन बांबूंना बांधली, चुन्याच्या फक्कीनं रेषा मारल्या आणि झालं आमचं कोर्ट. मी मुळातच उतावळी. खुर्चीत बसून शिकवणं मला जमत नाही, वर्गातही माझ्या येरझाऱ्या चालू असतात. मैदानावर तर विचारूच नका.

नियम पोरांनी पटापट उचलले. सर्व्हिस दोनदा चुकली की पॉइंट समोरच्याचा. चाळीस-चाळीस झाले की सलग दोन जिंकायचे. रेषेवर पडलेला चेंडू आत धरायचा. पंच नसेल तेव्हा आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग एका मुलीचा खेळायचा नंबर आला.

तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्ताचं दुखणं. थंडी वाजली, दमछाक झाली, की सांध्यासांध्यातून अशा कळा निघतात की पोर गुरासारखं ओरडतं. म्हणून पहिलीपासून वर्गानं तिला दूधभात करून टाकलं होतं. दूधभात म्हणजे खेळात असूनही नसलेला गडी. लंगडीत तिला कुणी धरायचं नाही. कबड्डीत तिच्या अंगाला हात लावायचा नाही. ती बाद होत नाही, तिच्यावर राज्य येत नाही. हे पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची मायाच ती.

तिची सर्व्हिस जाळीत गेली. एकदा, दोनदा, पाचदा. समोरची मुलगी मजेत म्हणाली, "जाऊ दे वो, पुन्हा मार."

"थांबा!" मी ओरडले. "दोनदा चुकली तर?"

"पॉइंट समोरच्याचा!" सगळा वर्ग एका सुरात.

"मग?"

"पन ते दूधभात आहे ना, मॅडम!" मलाच काही कळत नाही, अशा नजरेनं सगळे माझ्याकडे बघत होते.

मी सोपी वाट काढली. ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची मैदानात आणली आणि तिला पंच केलं. ती स्कोअर अचूक सांगायची, आवाजही खणखणीत. सगळे खूश. मीच तेवढी बेचैन होते. खुर्चीवर बसल्या बसल्या तिचे पाय सारखे हलत असत. समोरची पोरं डावीकडे धावली की हिचे पायही डावीकडे.

एक दिवस सुटी झाल्यावर ती जाळी सोडायला मागे राहिली. गाठ सोडता सोडता म्हणाली, "मॅडम, माहा स्कोर कधी लिहान?"

काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न चपलेत गेलेल्या खड्यासारखा टोचायला लागला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तिचं घर गाठलं. तिची आई अंगणात सुपानं धान पाखडत होती. लेकीला खेळू द्या, हे माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही तिनं.

"तुमाले का मालूम, मॅडम? दुकाले लागली का रातभर वरडते पोरगी. तुमी घरी जाऊन झोपता. आमी बसतो तिले धरून."

मला राग आला. कुणी खरं बोललं की येतो तसा. तरी तो गिळून मी एवढंच म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला.

आई गोळ्या आणायला गेली तेव्हा तिनं विचारलं. थोडं खेळू द्या, उन्हात, पाणी पाजून, आणि दमली की लगेच थांबवा, असं डॉक्टर म्हणाले. ती शाळेच्या फाटकापर्यंत आली, आत आलीच नाही. तिथूनच म्हणाली, "एकच गेम. अना मी येऊन बसीन."

हिवाळ्यातली भर दुपार ठरवली. समोर तिचीच मैत्रीण, एकाच बाकावर बसणारी. मी वर्गाला बजावलं, आज कुणी दूधभात नाही, टेनिसमध्ये दूधभात नसतोच, इथे प्रत्येक पॉइंट कुणाच्या तरी नावावर जातोच जातो. आई भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडावर घट्ट धरून. काही झालं असतं तर त्या बाईला मी कोणतं तोंड दाखवणार होते?

खेळ सुरू झाला. मी रेषेच्या बाहेरून नुसती इकडून तिकडे चालत होते. चेंडूकडे कमी आणि तिच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. ओठ सुकले का? पाय ओढते का? दर पॉइंटनंतर पाणी पाजत होते. शेवटी ती वैतागली, "नोको ना, मॅडम!" मैत्रीण तीस, ती तीस. मग मैत्रीण चाळीस; आता आणखी एक पॉइंट, की गेम मैत्रिणीचा.

मग मैत्रिणीनं एक चेंडू लांब मारला. तो मागच्या रेषेवर पडला आणि फक्की उडाली.

"बाहेर! बाहेर!" सगळा वर्ग ओरडला. जिनं मारला तीही जाळीजवळ येऊन ओरडली, "बाहेर गेला वो!"

पंचाची खुर्ची आज रिकामी होती, कारण पंचच खेळत होती. चेंडू तिच्या बाजूला पडला होता, म्हणजे सांगायचं तिनंच. ती मागे वळली, रेषेवर वाकली, फक्कीतला डाग नीट पाहिला.

"आत," ती म्हणाली.

"गेम," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, आता ती हसेल. एकदाचा तिचा स्कोअर लिहिला गेला होता ना! पण तिनं रॅकेट आपटली, जमिनीवर फतकल मारली आणि भोकाड पसरलं. मी पोहोचायच्या आत आई धावत आली आणि तिचे गुडघे, घोटे, कोपरं चाचपू लागली.

"कुठी दुकते? सांग ना वो, कुठी दुकते?"

"कुठीच नाई."

"मंग?"

"मी हरली!"

आईचे हात जागच्या जागी थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. हे रडणं तिच्या ओळखीचं नव्हतं. मग तिनं पोरीच्या पाठीत एक हलकी चापट मारली आणि चांगली खेकसली, "हरली त हरली! रडून कायले राहिली? ऊठ, नाक पूस!"

एवढ्या वर्षांत त्या माउलीला लेकीवर असं साधं खेकसायला कधी मिळालंच नव्हतं.