शपथेवरचा हलगर्जीपणा

"हिच्या नावावर टाका ना. कोर्टाला लगेच पटेल."

साहेब असं म्हणाले तेव्हा मी समोरच उभी होते, त्यांनीच मागितलेली फाईल हातात घेऊन. वकीलबाईंनी विचारलं, "पटेल म्हणजे?" साहेब हसले. "अहो, ही कोट्यातून बीकॉम झालेली. असल्यांकडून कागद हरवायचेच. जजला काय नवीन?" वकीलबाईही हसल्या. जराशाच. आणि लिहायला लागल्या.

मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही. कान तापतात म्हणे, रडू फुटतं म्हणे. तसलं काही नाही. दाढ काढायच्या आधी सुई मारतात ना, तसं आख्खं अंग बधिर. "तुमचं बरंय बाबा, तुम्हाला सगळं फुकट," हे ऑफिसात इतकी वर्षं ऐकत होते. रोजचंच झालं होतं.

प्रकरण साधं होतं. आमचे साहेब अंधेरीतले बिल्डर, मी त्यांच्या ऑफिसात फायली सांभाळणारी क्लार्क. वाकोल्याची एक चाळ त्यांनी पाडली. चाळकऱ्यांना नवीन घरं देऊ म्हणून करार केले, आणि नंतर म्हणाले, असं काही लिहून दिलंच नव्हतं. चाळकऱ्यांच्या हातात नुसती झेरॉक्स. सह्यांची मूळ प्रत आमच्याकडे. ते कोर्टात गेले. कोर्टानं हुकूम काढला, करार दाखवा. आम्ही तारीख मागितली. परत तारीख. मग सांगितलं, त्या वेळच्या सगळ्या फायलींना वाळवी लागली. जज वैतागले. म्हणाले, आता करार तरी आणा, नाहीतर कुठे गेले ते शपथेवर सांगा. दोन्ही नसेल तर तुमचा बचावच काढून टाकतो. मग चाळवाले सांगतील तेवढंच ऐकेन.

करार कुठे जाणार? साहेबांच्या केबिनमधल्या कपाटात होते. चावी त्यांच्याच खिशात. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मूग गिळून गप्प. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. संन्यासी मी.

कोर्टात शपथ देणारा एक कारकून असतो. इंग्रजी कागद तो मराठीत सांगतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, समजलं ना? सगळे सवयीनं "हो" म्हणतात. त्या तारखेला मीही म्हणणार होते. पेन हातात होतं.

तो भराभर बोलला, "तर, रेकॉर्ड तुमच्या ताब्यात होतं, तुमच्या हलगर्जीपणामुळे गहाळ झालं. समजलं ना?"

हलगर्जीपणा. इंग्रजीत तो शब्द नुसता डोळ्यांखालून गेला होता. मराठीत अंगावर आला.

माझी आई कांदिवलीला एका शाळेत झाडलोट करायची. तिथल्या मोठ्या बाईंचं घड्याळ हरवलं, तेव्हा आईपुढे असाच एक कागद ठेवला होता. आईनं अंगठा उठवला. तिला वाचता येत नव्हतं. मला येतं.

"समजलं," मी म्हटलं. "खोटं आहे. मी सही करणार नाही."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. वकीलबाईंनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. "वेडी आहेस का गं? फॉर्मॅलिटी आहे नुसती. तुला काय फाशी देणारेत?"

"मग तुम्ही करा."

साहेब जवळ आले. आवाज अगदी गोड. "उद्यापासून येऊ नकोस. आणि तुला दुसरीकडे कोण ठेवतं तेच बघतो."

तेव्हा कुठे राग आला. सुईचा असर उतरला की ठणकायला लागतं, तसा. साहेबांचा आलाच, पण त्या हसलेल्या बाईंचा जास्त आला.

आत पुकारा झाला. वकीलबाई परत तारीख मागायला लागल्या. कागद नाही, शपथ नाही. जजनी सांगितलं, बचाव रद्द. बस, इतकंच. मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल, टेबलावर हात आपटेल. काही नाही झालं. पुढची केस पुकारली.

बाहेर चाळीतली एक म्हातारी माझ्याकडे बघून पचकन थुंकली. तिच्या लेखी मी बिल्डरची माणूस. मी काही समजवायला गेले नाही.

तेव्हापासून घरी बसलेय. आई म्हणते, "पोटाचं बघ गं बाई." मैत्रिणी म्हणतात, कोणी विचारलं तर 'पर्सनल रीझन' सांग ना यार.

काल घाटकोपरला एका ऑफिसात मुलाखत होती. विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी सांगितलं, खोटी शपथ घ्यायला सांगितली, घेतली नाही. समोरच्यानं माझा बायोडेटा बाजूला सारला. "कळवतो." नाही कळवणार, माहितीय मला.

पुढच्या ठिकाणीही हेच सांगणार. त्याच्या पुढच्याही. ऐकून ज्याला भीती वाटेल, त्यानं मला ठेवूच नये.