तिला आत घ्या

नकाशावर तो तुकडा लाल होता. तेरणेच्या काठावर पुन्हा झाडं लावायची, त्यासाठी आम्ही जागा निवडत होतो. लाल म्हणजे पहिली पसंती: काठ ढासळतोय, झाड नाही, पीक नाही. धाराशिवच्या ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांवरून मीच तो रंगवला होता. चहूकडे ज्वारी असताना तेवढ्याच जागेत कुणी का पेरत नाही, हे चित्रात दिसत नव्हतं.

तिथे गेल्यावर दिसलं. मातीचे उंचवटे, त्यांवर दगड, एकदोन बेलाची झाडं.

"इथं खड्डे?" सोबत आलेले गावातले काका म्हणाले. "ताई, इथं आमची माणसं बसलेली हायत."

काकांच्या समाजात मृताला बसवून पुरतात, हे मला माहीत होतं. पण इतकं घरातल्यासारखं बोललेलं ऐकलं नव्हतं. मी टॅब खाली धरला.

अगदी कडेच्या, लहानशा उंचवट्यावर फुलं ठेवून एक बाई आमच्याकडे आल्या. तिथं त्यांची मुलगी होती.

"काका, न्हाय म्हणू नका. पुढच्या पुरात माझी लेक जाईल."

"अन् खड्ड्यात हाडं निघाली तर?"

"पाण्यात निघालेली चालतील व्हय? तुमचं बरंय. तुमची समदी वरच्या अंगाला बसल्यात."

काका कडेला जाऊन खाली बघत राहिले. "खणायचं न्हाय," शेवटी म्हणाले.

"नुसत्या फांद्या खोचल्या तर?" मी विचारलं. "निर्गुडीच्या. त्या तशाच मुळं धरतात."

"खोचा."

मग हद्द चालून नोंदवायची होती. मी कडेनं चालले तशी टॅबवर रेषा उमटत गेली. बाई सोबत होत्या. लहान उंचवट्यापाशी मी थांबले. त्याच्या पलीकडे पाऊल ठेवायला जागा नव्हती. अलीकडून गेले असते, तर तो रेषेबाहेर राहिला असता, आणि रेषेबाहेर आम्ही काही लावत नाही.

"तिला आत घ्या," बाई म्हणाल्या.

तेवढी रेषा मी बोटानं ओढली, कड्याच्या पलीकडून.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेले. उतार थोडा खचला होता, उंचवटा जागेवर होता. आम्ही लावलेल्या बऱ्याच फांद्या वाळल्या होत्या. त्यांच्या शेजारी नव्या खोचलेल्या दिसल्या, ओल्या मातीनं नीट दाबलेल्या. त्या आमच्या नव्हत्या.