लुकाशच्या वाट्याची बाटली

लुकाशबद्दल मला फारसे काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षे आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये फक्त एक काटक्यांचे कुंपण होते. पण त्याचा बाप कशाने गेला, तरुणपणी तो कॉफीच्या मळ्यात कोणाबरोबर गेला होता, एकटा बसून कसला विचार करायचा, यातले मी काही विचारले नाही. मी मुळात बोलायला बिचकतो. त्याला ते चालत असे.

एक मात्र नक्की सांगता येईल. तो आजारी पडेपर्यंत त्याच्या हातात मी कधी पाण्याचा पेला पाहिला नव्हता.

आमची याश्तेल वस्ती मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगरात अगदी वर आहे. बाटल्यांतल्या गोड सोड्याचा ट्रक खाली डांबरी रस्त्यावर थांबतो. तिथून क्रेट वर आणायचे काम लुकाशचे. कपाळाला पट्टा, पाठीवर दोन क्रेट, मान खाली घालून तो तासभर चढायचा. वर आला की दुकानदार त्याला एक बाटली द्यायचा. ती तो उभ्याउभ्या संपवायचा, मोठा ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, "निघाला बघा सगळा शीण." शीण, भीती, वाईट नजर, जे काही आत शिरलेले असते ते ढेकराबरोबर बाहेर पडते, असे आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानत होतो.

पिण्यात तो जगावेगळा नव्हता. पावसाळ्यात आमच्या झऱ्याचे पाणी तांबडे होते, आणि फेब्रुवारीत झरा आटतो. ते पाणी प्यायले की पोरांना जुलाब होतात, बाटलीने होत नाहीत. म्हणून तान्ह्या पोराच्या तोंडालाही बाटलीच. पाहुणा आला, देवापुढे मेणबत्त्या लावल्या, भांडण मिटले, की समोर काळा गोड सोडा येतो. तो नको म्हणणे म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार लावणे.

पुढे लुकाशची तहान वाढली. दिवसाला सहा-सात बाटल्या होऊ लागल्या. कुंपणाच्या कडेला तो लघवीला बसायचा तिथे मुंग्यांची रांग लागायची. त्याने मला बोलावून दाखवली.

"बघा आन्तूनदादा, किती गोड माणूस आहे मी. आणि काताल म्हणते, मी कडू."

काताल त्याची बायको. ती आतून म्हणाली, "मुंग्यांना कुठे संसार करायचाय तुमच्याबरोबर?"

आम्ही हसलो. हे सगळे त्यांची मुलगी पळून जायच्या दोन वर्षे आधीचे. मी हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर सगळे आधी काय झाले आणि मागून काय, यावरच फिरले.

मुलीचे नाव पाश्कू. ओढ्यापलीकडच्या चेप नावाच्या मुलाबरोबर ती जूनमध्ये निघून गेली. रीत अशी, की मुलाकडच्यांनी आधी बाटल्या घेऊन वर्षभर मुलीच्या बापाच्या दारात यावे, विनवावे. त्यांनी एकदाही पाऊल टाकले नव्हते. लुकाशने आरडाओरडा केला नाही. पाश्कूचा हातमाग त्याने अंगणातून उचलून छपराखाली ठेवला, आणि तिचे नाव घेणे बंद केले.

तीन आठवड्यांनी तो क्रेट घेऊन चढताना पडला. मला तोडकी स्पॅनिश येते म्हणून रस्त्यावरच्या दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेलो. नर्स तरुण होती, शहरातली. तिने बोटातून रक्त काढले, लघवी तपासली, आणि माझ्याकडे बघून सावकाश बोलली, म्हणजे मला नीट कळावे.

"साखर फार वाढली आहे. मूत्रपिंडं बिघडायला लागलीत. यापुढे सोड्याचा एक घोटसुद्धा नाही. नुसतं पाणी. नाही ऐकलं तर वर्षा-दोन वर्षांत मरतील. सांगा त्यांना."

"काय म्हणते?" लुकाशने विचारले.

"सोडा कमी कर म्हणते. पाणी पी."

"एवढंच? बरंच लांबलचक बोलली की."

"गोळ्यांचं सांगत होती."

आजाऱ्यासमोर आमच्यात मरणाचे नाव काढत नाहीत. काढले की ते माणसाला चिकटते. मी स्वतःला हेच कारण देत आलो. खरे म्हणजे मला धीर झाला नाही.

लुकाश तिथून थेट नाडी पाहणाऱ्या म्हातारीकडे गेला. तिने मनगट धरले आणि सांगितले, "रक्तात राग अडकलाय. पोरीचा राग. तो साखर होऊन बसलाय."

त्याला ते तंतोतंत पटले. "पोरगी गेली, आणि तीन आठवड्यांत मी आडवा झालो. यात न कळण्यासारखं काय आहे, दादा?"

मुंग्यांची आठवण माझ्या ओठांवर आली होती. मी म्हटले, "बघ बाबा."

तरी त्याने त्या वर्षी नेट लावला. काताल पाणी उकळून गार करून ठेवायची. तो नाक धरून प्यायचा. म्हणायचा, "धुराची चव लागते. चूल पितोय असं वाटतं." पण सहा बाटल्यांवरून तो एकीवर आला. ऑक्टोबरमध्ये नर्सने त्याची पाठ थोपटली. पडताना झालेली पायाची जखम सुकली. तो सुधारत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

जानेवारीत काताल कुंपणापाशी आली. पाश्कू तिला बाजारात चोरून भेटत असे. तिला दिवस गेले होते.

"दादा, पहिलं बाळंतपण आहे. आईच्या हाताशिवाय व्हायचं का ते? ते लोक माफी मागायला यायला तयार आहेत. बाटल्या वाटायला तुम्ही उभे राहा. तुमच्या हातून दिलेलं हे नाकारणार नाहीत."

"त्याला सोडा बंद आहे, काताल."

"एक दिवसाचं तर आहे."

माफी कशी असते ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे. क्रेट दारात येतात, आणणारे गुडघे टेकतात. राग ज्याचा, त्याने पहिली बाटली सगळ्यांसमोर तळापर्यंत प्यायची. त्याने पिईपर्यंत माफी झालेली नसते. मग फेऱ्या सुरू होतात. ज्याला जास्त होते तो ओठ लावतो आणि उरलेले नरसाळ्याने आपल्या रिकाम्या बाटलीत ओतून घरी नेतो. त्यात अपमान नाही. मी माझे नरसाळे आणि दोन रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून गेलो. वाटले, पहिली बाटली टळणार नाही, पुढच्या तरी टाळू.

दुपारची वेळ होती. जमिनीवर चीड वृक्षाची सुयांसारखी हिरवी पाने पसरली होती. चेपचा बाप पेतुल गुडघ्यांवर बसला होता, त्याच्यामागे चेप, आणि सर्वांत मागे पाश्कू, पोट सांभाळत. चार क्रेट होते. मी पहिली बाटली उघडून लुकाशच्या हातात दिली.

"घेतो हं, आन्तूनदादा."

"घे."

त्याने ती संपवली, आणि असा ढेकर दिला की बाहेर बसलेल्या बायका हसल्या. पेतुल रडू लागला. दुसऱ्या फेरीला मी लुकाशच्या कानाशी वाकलो आणि पिशवीतले नरसाळे दाखवले.

"ओत यात. कोणी काही म्हणणार नाही."

तो माझ्याकडे बघून हसला. "माफी अर्धी ओतून घरी नेऊ? मग अर्धा राग आतच राहील की, दादा."

आठ फेऱ्या झाल्या. एकही बाटली त्याने अर्धी ठेवली नाही. आणि प्रत्येक वेळी ती उघडून त्याच्या हातात देणारा मी होतो. शेवटी पाश्कू पुढे आली, मान झुकवली, आणि आमच्यात वडीलधारे आशीर्वाद देतात तशी त्याने हाताची मागची बाजू तिच्या डोक्याला लावली. म्हणाला, "ऊठ गं. जमीन गार आहे."

आठ बाटल्यांनी माणूस मरत नाही. तो उठला तेव्हा त्याला वाटत होते, आपण बरे झालो. राग गेला, म्हणजे साखर गेली. दुसऱ्या दिवशी त्याने गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिल्या, कातालचे उकळलेले पाणी वालाच्या वेलांना घातले, आणि पुन्हा बाटली धरली. मी कुंपणापाशी जाऊन म्हटले, "लुकाश, नर्सनं तेव्हा सांगितलं होतं, हे असंच चाललं तर माणूस जातो." सात महिने उशिरा सांगितले.

"तेव्हा राग होता, दादा," तो म्हणाला. मला अगदी समजुतीने सांगत होता.

मार्चमध्ये नातू झाला. जुलैपर्यंत लुकाशचे पाय खांबांसारखे सुजले. नातवाला तो चेहऱ्याजवळ धरून बघायचा, कारण लांबचे दिसेनासे झाले होते. खाल्लेले उलटून पडायचे. मी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात उतरलो. या वेळी नर्स बोलली ते मी शब्दन् शब्द सांगितले. मूत्रपिंडे संपली आहेत. शहरात यंत्र आहे, आठवड्यातून तीनदा जावे लागेल, जागा मिळेल तेव्हा. नाहीतर पोटात नळी बसवून घरीच रक्त साफ करता येते, पण त्याला वेगळी स्वच्छ खोली हवी, आणि दर वेळी हात धुवायला भरपूर स्वच्छ पाणी.

लुकाश म्हणाला, "विचारा तिला, ती आमच्या वस्तीवर कधी आली आहे का?"

मी विचारले नाही.

पाश्कूने सगळा दोष स्वतःकडे घेतला. म्हातारीने पुन्हा नाडी पाहिली आणि सांगितले, राग थोडा राहून गेलाय. त्यावर पाश्कू मूल छातीशी बांधून, एक क्रेट पाठीवर घेऊन वर आली. मी तिला कुंपणाबाहेरच गाठले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची वाट अडवली.

"पोरी, बाटल्या परत ने. यानंच झालंय हे. रागानं नाही."

"मग मी काय आणू, काका?" ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते आणते."

मी म्हटले, "पाणी आण."

तिने आणले. डोंगराच्या मागे दोन तासांवर एक चांगला झरा आहे, तिथून. रोज एक घागर, मूल छातीशी बांधून. पण नर्सने आता पाणीही मोजून द्यायला सांगितले होते, कारण लघवी थांबली होती आणि प्यालेले सगळे अंगात साठत होते. सकाळी एक लहान पेला, संध्याकाळी एक. काताल उरलेल्या घागरीवर झाकण ठेवायची, आणि तो त्या झाकणाकडे बघत बसायचा. एकदा मला म्हणाला, "याला कसलीच चव नाही, दादा. किती छान लागतं." अजून एक घोट मागितला. कातालने दिला नाही. ती मागे जाऊन रडली.

शहरातून यंत्रावर जागा रिकामी झाल्याचा निरोप आला नाही. सप्टेंबरात एका मंगळवारी तो गेला. मी तेव्हा खाली रस्त्यावर, निरोपाची चौकशी करत होतो.

आदल्या दिवशी सकाळी तो अंगणात उन्हाला बसला होता. मी डबे घेऊन बाहेर पडलो. पावलांच्या आवाजावरून त्याने ओळखले.

"कुठे निघालात, दादा?"

"खाली पाण्याचा टँकर आलाय म्हणतात."

"रांग असेल."

"असेल."

"मग उभे काय राहिलात? जा."

"जातो," मी म्हटले.