कोरड्या हाताचा मिस्त्री

बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्याला पाणी लागो न लागो, किस्से मात्र हमखास लागतात! खडकात नाही लागले तर गावात लागतात. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना धूळ खात मागचा किस्सा सांगायचा, तोवर पुढच्या गावात नवा तयार. बहात्तरच्या दुष्काळात आमची गाडी श्रीगोंदा-कर्जतच्या पट्ट्यात फिरत होती. तेव्हा तर पाणी औषधाला आणि किस्से पोत्यानं, असाच सगळा मामला होता.

गाडी कुठल्याशा परदेशी देणगीतून आलेली. तिच्यावर आम्ही तिघं. कॉम्प्रेसरवर मी. रॉड चढवायला-उतरवायला काष्टीचा गणपत. बोलायला लाजणार, पण वजन उचलायला राक्षस! आणि बोअर मारायच्या लिव्हरवर साळवे मिस्त्री. नगरचा ख्रिस्ती माणूस, उंच, काळासावळा, तोंडानं भलता तिखट. भूत, देवऋषी, उतारा, नजर, कशावर म्हणून त्याचा विश्वास नव्हता. "आपण दोनच गोष्टी मानतो," म्हणायचा, "वर येशू आणि खाली हॅमर!" हॅमर म्हणजे रॉडच्या टोकाचा, खडक फोडणारा.

पण बोअरवाल्याची सगळी इज्जत त्याच्या नावावर असते. खाली खडक कसा आहे, पाणी कुठून येतं, हे लोकांना थोडंच दिसतं? त्यांना लिव्हरवरचा माणूस दिसतो. आदल्या उन्हाळ्यात साळव्याला लागोपाठ पाणी लागलं होतं. गावोगाव गळ्यात हार पडले, एका गावानं तर बैलगाडीतून वाजतगाजत मिरवलं. त्या नावावर त्याचा फार जीव होता. ते नाव कसं गेलं, त्याचेच हे किस्से.

*

श्रीगोंद्याकडच्या एका गावात जागा दाखवायला दोघं आले. एक पुण्याचा भूगर्भवाला साहेब. दुसरा तिथलाच पाणाड्या, म्हणजे जमिनीवरून चालत खालचं पाणी सांगणारा.

साहेबानं जमिनीत सळया ठोकल्या, तारा जोडल्या, पेटीतला काटा बघितला आणि ओढ्याकाठची जागा दाखवली. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि अनवाणी चालत सुटला. देवळाच्या मागं आला आणि नारळ ताडकन उभा राहिला! झालं. अर्धं गाव तारेकडं, अर्धं गाव नारळाकडं. हमरीतुमरी व्हायची पाळी आली. शेवटी साळव्यानं दोन्ही जागी बोअर घेतले.

दोन्हीकडं नुसता धुरळा!

साहेब म्हणाला, "रीडिंग बरोबर होतं."

पाणाड्या म्हणाला, "नारळ बरोबर हुता."

साळवे म्हणाला, "मग चुकलं ते पाणीच!"

तेव्हा सगळं गाव हसलं होतं. साळवेसुद्धा. दोन कोरड्या बोअरचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

*

कर्जतच्या वाटेवर एका माळावर आमचं काम चाललं होतं. आमच्या कामात दगडाचं पीठ उडतं. डोक्यापासून पायापर्यंत माणूस राखेसारखा होतो. डोळ्यांना गॉगल, तोंडाला फडकं. उन्हं कलली तसे आम्ही तिघं त्याच अवतारात जवळच्या वस्तीवर विडीकाडी मागायला निघालो.

आता योग बघा! माणूस नुकताच चंद्रावर जाऊन आलेला. त्या वस्तीवरच्या मास्तरांनी पेपरात कुठंतरी उडत्या तबकड्यांचं वाचलेलं, आणि परग्रहावरची माणसं कशी असतील ते शाळेत रंगवून सांगितलेलं. त्यात सकाळपासून माळावरून घरघर ऐकू येतेय, पांढरा लोट आभाळात चढतोय! आम्ही दिसताच बाया किंचाळत घरात, पोरं कणगीमागं. मास्तर सगळ्यात आधी पळाले!

एक म्हातारा तेवढा कट्ट्यावर बसून राहिला. त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, हात जोडले आणि विचारलं, "कुठून बी आला आसा, त्याचं काय न्हाई. तिकडं पानी हाय का?"

साळवे पुढं झाला. त्यानं फडकं काढून तोंड दाखवलं. म्हातारा म्हणाला, "हात्तिच्या! मान्संच हायती," आणि त्याचा चेहरा पडला.

*

त्या भागात विहिरीवर साती आसरा असतात. पाण्याच्या सात देवता. सात दगडांना शेंदूर लावतात, हिरव्या बांगड्या वाहतात. विहीर आटली की आसरा रुसून गेल्या म्हणतात.

एका गावात आम्ही बोअरमध्ये वरचा लोखंडी पाइप बसवत होतो, तर एक आजीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. वाकून पाइपाच्या तोंडाशी डोळा नेला. आत काळोख. बोअर तो केवढा? वीतभर रुंद.

"आरं मिस्त्री," ती म्हणाली, "साती जनी येवढ्याशा नळीत मावायच्या कशा?"

साळवे म्हणाला, "आजी, एकीच्या डोक्यावर एक उभ्या राहतील!"

आम्ही खो खो हसलो. म्हातारी हसली नाही. पाइपावरून हात फिरवत म्हणाली, "बसायला बी जागा न्हाई व्हय बिचाऱ्यांना? मग कशाला येत्यात त्या!"

आणि खरंच नाही आल्या!

*

आता साळव्याचं नाव गेलं तो किस्सा.

कर्जतच्या पलीकडं एका गावात लिंबाखाली एका बाईच्या अंगात देवी यायची. तिनं जागा सांगितली म्हणून आख्ख्या गावानं तिथंच बोअरचा हट्ट धरला. आम्ही गाडी लावली, तेव्हा बाई केस सोडून घुमतच होती. साळव्याला गप्प बसवेना.

"आई," तो म्हणाला, "जागा सांगितलीस, बरं केलंस. किती फुटांवर तेही सांग, म्हणजे तेवढेच रॉड काढतो!"

लोकांचे चेहरे खर्रकन उतरले. बाई घुमायची थांबली. उठली, तिनं साळव्याचा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि बराच वेळ तळहाताकडं बघत राहिली.

"ह्यो हात कोरडा हाय," ती म्हणाली. "ह्या हाताला पानी भेतं. पळून जातं."

साळवे हसला. लिव्हर धरली. संध्याकाळपर्यंत खाली काळा पाषाण, वर पांढरा धुरळा. थेंब नाही!

मी लोकांना म्हणालो, "अहो, जागा देवीनं सांगितलेली. चुकली तर देवी चुकली!"

एकजण शांतपणे म्हणाला, "देवी कशी चुकंल? तिनं आदी सांगितलंच हुतं की, हात कोरडा हाय म्हनून."

जागा चुकली तरी देवी खरी, आणि पाणी न लागल्यानं तर आणखीच खरी!

*

आमची गाडी हळू चालायची. बातमी पायी चालूनही आमच्या आधी पोचायची! बाजारात गाडी थांबली की लोक विचारायचे, "साळव्याची का?" आधी हाच प्रश्न हार घेऊन विचारायचे. आता विचारायचे आणि बाजूला व्हायचे.

एका गावानं मात्र उपाय काढला. बोअर सुरू करण्याआधी मिस्त्रीचे हात धुवायचे! त्यासाठी पितळी तांब्या भरून पाणी आणलं. त्या गावात बायका टँकरमागं धावायच्या, अंघोळीचं पाणी जनावराला पाजायच्या, आणि तिथं हा भरला तांब्या!

साळव्यानं हात मागं घेतले. "हे पाणी कुणाला तरी प्यायला द्या," तो म्हणाला. "माझे हात कोरडेच बरे!"

कुणी ऐकलं नाही. पाटलानं स्वतः त्याच्या हातावर पाणी घातलं. ते खाली पडलं तसं जमिनीनं शोषूनही घेतलं. भोवतीची पोरंटोरं त्या ओल्या डागाकडं बघत उभी होती.

बोअर कोरडा गेला. परतताना साळवे एवढंच म्हणाला, "त्या गावात आज पाणी लागलं नाही ते नाहीच, वर माझ्यापायी एक तांब्या कमी झाला."

तो हे हसत म्हणाला नव्हता.

*

मग मिस्त्रीच्या लहानसहान विचित्र सवयी सुरू झाल्या. हातमोजे घालायला लागला. बरं, उन्हाळा कसला, डांबर वितळत होतं! लिव्हर डाव्या हातानं धरायला लागला. जेवताना मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी मोडता मोडता मध्येच थांबायचा आणि तळहात बघत बसायचा. गणपत मला हळूच म्हणाला, "मिस्त्रीला कुनी कायतरी केलंय." मी त्याला झापलं. पण खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एका रविवारी तो नगरला जाऊन पाद्रीबाबांना भेटला. मीही सोबत होतो. पाद्रीबाबा फार गोड माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, साळव्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शमुवेल, देव तुझी परीक्षा बघतोय."

साळवे म्हणाला, "बाबा, परीक्षा माझी असेल तर मला नापास करा की! गावं का नापास करताय?"

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. आम्ही उठलो.

*

शेवटचा किस्सा साळव्याच्या बहिणीच्या गावचा. कर्जत तालुक्यातच. साळवे तिला अक्का म्हणायचा. लहानपणी आई गेली, तेव्हा तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि घरी आली की घागर घेऊन डोंगरापलीकडं पाण्याला जायची. गावाला बोअर मिळावा म्हणून तिनंच चार ठिकाणी हेलपाटे घातले होते.

गाडी गावात शिरली तेव्हा मी आधी रस्त्याकडच्या लोकांकडं बघितलं. वाटलं, इथंही लोक बाजूला होणार. पण नाही! सरपंचांनी पाहुणा म्हणून रामराम केला. हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. साळव्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. त्यानं हातमोजे काढून सीटवर टाकले. मला म्हणाला, "शिंदे, इथं लागलं ना, की सगळं फिटलं!"

आम्ही गाडीवरचा लोखंडी डोलारा उभा केला. साळवे लिव्हरकडं निघाला, तशी अक्का पुढं आली.

"शामू," ती म्हणाली, "येवढ्या येळेला तू जरा लांब ऱ्हा बाबा."

साळवे म्हणाला, "अक्का, रविवारी येशूच्या देवळात बसतेस ना गं तू?"

"बसते," ती म्हणाली. "आन् रोज डोंगरापल्याड पान्याला बी जाते."

ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती. डोक्यावर खडीची धूळ, बोटांना चिंध्या बांधलेल्या. साळव्यानं माझ्याकडं बघितलं, लिव्हरकडं मान हलवली आणि चालायला लागला. पार शिवेच्या दगडापाशी गेला आणि गाडीकडं पाठ करून उभा राहिला.

मी लिव्हर धरली. हॅमर सुरू झाला. मुरूम गेला, पाषाण लागला. धुरळा, धुरळा आणि धुरळा! गणपत रॉडवर रॉड चढवत होता. खरं सांगू? मला काय मागावं तेच कळत नव्हतं. पाणी लागावं असं कुणाला वाटणार नाही? बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या होत्या. पण तिकडं शिवेवर तो पाठमोरा माणूस उभा होता, आणि पाणी लागलं तर त्याचं काय होणार, तेही मला दिसत होतं.

अचानक आवाज बदलला. धुरळा बसला. राखाडी चिखल उडाला आणि त्याच्या मागनं पाणी! असं पाणी, की गणपत ओला होऊन नाचायला लागला. लोक चिखलात लोळले, म्हाताऱ्यांनी तोंडाला चिखल फासला, सरपंच माझ्या गळ्यात पडून रडले. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. तो मी काढून टाकला.

शिवेवरचा माणूस वळला नाही. बोअरवाल्याला पाणी बघावं लागत नाही, आवाजावरून कळतं.

अक्कानं तांब्या भरला, पदराखाली धरला आणि शेतातून तरातरा निघाली. मी मागोमाग.

"मिस्त्री, लागलं! जोरात लागलं!" मी म्हणालो.

"ऐकलं," साळवे म्हणाला. मग वळला. "शिंदे, मी लिव्हरवर असतो तर लागलं असतं?"

"लागलं असतं की!" मी म्हणालो. पण म्हणायला जरा उशीर झाला.

त्यानं मान हलवली आणि तांब्यासाठी हात पुढं केला. अक्कानं तांब्या चटकन मागं घेतला.

"वंजळ कर," ती म्हणाली.

साळवे खाली बसला. त्यानं ओंजळ तोंडाशी धरली. अक्कानं तांब्या उंच धरून वरून पाणी घातलं, आणि तो प्यायला.