तिसगावात शिवलेलं हूड

गाडीच्या जाहिरातीत लिहिलं होतं: हूड खास इंग्लंडहून मागवलेलं.

ती ओळ मी गॅरेजात उभ्या उभ्या मोबाईलवर वाचली आणि हातातला पाना असा आपटला की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. त्याला मी काही बोललो नाही. केडगावात पुणे रस्त्याला माझं गॅरेज आहे. पंचवीस वर्षांत मला कुणाशी भांडताना कुणी पाहिलेलं नाही. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नसणार, असं लोक धरून चालतात. त्यांच्या या समजुतीवर मी बरंच खाल्लेलं आहे, म्हणून आता सगळं लिहितो.

गाडी एका वकीलसाहेबांची. नगरातल्या जुन्या, शिकल्यासवरलेल्या घरातले. त्यांच्या आजोबांनी ती कॅम्पातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलेली. दोन सीटांची, लांब नाकाची, वरून उघडी, ऊन-पावसाला कापडी हूड ओढायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तसल्या गाड्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात आणि नाव लिहिलं की माणूस ओळखू येईल. साहेबांच्या शेतावर पत्र्याच्या शेडात ती कित्येक वर्षं पडून होती. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती.

गाडी उभी करायला तीन वर्षं लागली. तिचे नट ना मिलीमीटरच्या पान्याला बसत, ना नेहमीच्या इंचाच्या. जुन्या इंग्रजी मापाचे पाने मी भंगारवाल्यांकडे हिंडून एकेक करून जमवले. पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीने खाल्लेला, तो सागवानात नव्याने करून घेतला. कामाबद्दल मला लाज वाटावी असं त्यात काही नाही. लाज पुढे आहे.

हूड साहेबांनी खरोखरच इंग्लंडहून मागवलं होतं. खोक्यातून आलं, पावती आली, आणि गाडीवर चढवलं तर मागच्या बाजूला चार बोटं कमी. दोष इंग्लंडवाल्यांचा नव्हता. हुडाच्या कमानी आम्ही नव्याने वळवल्या होत्या, त्या मूळच्यापेक्षा जरा उंच झाल्या होत्या. ते हूड परत प्लास्टिकात घालून साहेबांच्या माळ्यावर गेलं. मग मीच म्हणालो, आमचे दाजी आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. तिसगावात रस्त्यालगत त्यांचं शिलाईचं दुकान. पाथर्डीकडच्या जीपगाड्यांची हुडं त्यांनी आयुष्यभर शिवली. जीपा कमी झाल्यावर ताडपत्र्या. दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला निघणारी माणसं कोपीवर, म्हणजे फडातल्या झोपडीवर टाकायला ताडपत्री शिवून घेतात, तेव्हा दाजींना मान वर करायला फुरसत नसते.

ते एसटीने केडगावला आले. टेप नाही, खिशात गाठी मारलेली सुतळी. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि साहेबांना म्हणाले, "आत बसा."

"मी कशाला?"

"तुमचं डोस्कं मापात धरावं लागंल. हूड गाडीला न्हाई, बसनाऱ्याला शिवत्यात."

साहेब हसले आणि बसले. नमुना कापायला दाजींनी कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणला होता. चार दिवस त्या इंग्रजी गाडीवर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा ताणलेला होता. दाजी खडूने त्याच्या गालावर रेघ मारत म्हणायचे, "साहेब, जरा गाल आत घ्या."

हूड बसलं ते असं, की कुठे सुरकुती नाही. वाळूच्या रंगाचं जाड दुपदरी कापड, मेण लावलेला सुती दोरा, एकाला एक लागून टाके. आतल्या बाजूला, ड्रायव्हरच्या खांद्यामागच्या कोपऱ्यात, दाजींनी लाल दोऱ्याची एक फुली घातली. प्रत्येक हुडाला घालायचे. त्यांची आई गोधडीचा शेवटचा टाका लाल घालायची, पांघरणाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून.

मग पुण्यात जुन्या गाड्यांचं संमेलन होतं. दाजींना यायचं होतं. मी होय म्हणालो होतो. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "मिस्त्री, गरजेपुरतीच माणसं आणा. तुमचे पाहुणे जरा मोकळे बोलतात." सकाळी मी दाजींना फोन केला की पास मिळाला नाही. ते म्हणाले, "बरं." एवढंच.

संमेलनात एक म्हातारे परीक्षक हुडाच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मग विचारलं, हे कुठलं? साहेब म्हणाले, "हूड इंग्लंडहून आलंय. विचारा आमच्या मिस्त्रींना."

वकिलाचं वाक्य. हूड इंग्लंडहून आलंच होतं, माळ्यावर होतं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले, आणि मी होकाराची मान हलवली.

कुणी धमकी दिली नव्हती, पोटाचा प्रश्न नव्हता. परदेशी काम करणारा मिस्त्री म्हणून माझं नाव व्हावं, एवढंच. झालंही. बक्षीस मिळालं, गाडीशेजारी माझा फोटो निघाला, तो गॅरेजात काचेत लावला. परीक्षकांनी आतली फुली पाहून विचारलं होतं, हे काय? साहेब म्हणाले होते, कारखान्याची खूण असावी. परतताना गाडीत मला म्हणाले, "ती फुली काढून टाका. उगाच प्रश्न निर्माण होतात."

दुसऱ्या दिवशी ब्लेडने काढली. पाच मिनिटांचं काम. दोऱ्याचे तुकडे फुंकर मारून उडवून दिले.

त्यानंतर दरवर्षी भाऊबीजेला मी तिसगावला गेलो. ओवाळणी झाली की दाजी विचारायचे, "गाडी कशी हाय?" सासरी दिलेल्या लेकीचं विचारावं तसं.

"बरी हाय."

"फुली हाय ना?"

"हाय."

चार भाऊबीजा मी हे उत्तर दिलं. जेवण घशाखाली उतरायचं. हे मुद्दाम लिहितो. अपराधाने माणसाला अन्न जात नाही म्हणतात, तसं काही नसतं.

यंदा साहेबांनी गाडी विकायला काढली. जाहिरात आली. ती वाचून मला राग आला, आणि पहिल्यांदा आला तो साहेबांचा, कारण ते सोपं होतं. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून गिऱ्हाईक आलं. साठीचा माणूस, गळ्यात चष्मा अडकवलेला. त्याने हुडावर तळहात फिरवला आणि मला समजावून सांगितलं, "हात लगेच कळतो बघा. आपल्याकडे अशी शिलाई होत नाही. आपल्या माणसाला तेवढा पेशन्सच नाही." मी उभा होतो. 

मग तो म्हणाला, पाणी मारून बघू. तो आत बसला, मी वरून पाइप धरला. दोन मिनिटांत आतून आवाज आला, "अहो, गळतंय." त्याचा उजवा खांदा भिजला होता. बरोबर फुलीच्या जागी. तो म्हणाला, एवढं दुरुस्त करून ठेवा, रविवारी येतो.

तो गेल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या त्या तिसगावच्या पाहुण्यांकडून करून घ्या. गाजावाजा नको."

म्हणजे त्यांना तिसगाव आठवत होतं. हूड कुणी शिवलं ते त्यांच्या डोक्यात सगळा वेळ जागच्या जागी होतं, फक्त तोंडात नव्हतं. त्यांच्याच दारात, त्यांच्याच फडक्याने ते हूड मी खसाखसा पुसलं. पण रागावू कुणावर? मला तरी कुठे आठवत नव्हतं?

हूड चादरीत गुंडाळून तिसगावला नेलं. हंगाम तोंडावर होता, दुकानात निळ्या-पिवळ्या ताडपत्र्यांचे ढीग. दाजींनी मशीन थांबवलं, हूड पसरलं आणि कुठे गळतंय हे न विचारता बोट थेट त्या कोपऱ्यात नेलं. कापड उजेडावर धरलं. भोकांतून बारीक ऊन आलं.

"हितं माजी फुली हुती."

"व्हय."

"दोरा भिजला की फुगतो, भोक बंद करतो. दोरा काडल्यावर भोकच ऱ्हातंय, पाव्हनं. हे तुमाला ठाव न्हाई? गाड्या जोडता की."

"मीच काढली, दाजी."

त्यांनी हूड खाली ठेवलं. आक्का चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मग मी सगळं सांगितलं. मान हलवल्याचं, फोटोचं, आणि शेवटी पासाचं. आयुष्यात एका दमात इतकं बोललो नव्हतो.

दाजी म्हणाले, "पासाचं ठाव हुतं."

"कसं काय?"

"हितल्या एका जीपवाल्याची मानसं गेल्ती बगाया. पास बीस काय नव्हता म्हनं. कुनीबी जावं, कुनीबी यावं."

"मग दरवर्षी फुलीचं विचारत होता ते?"

"तेवढ्या निमतानं पासाचं सांगताय का, बगत हुतो."

आक्काने चहा माझ्यापुढे आदळला. "आरं, त्या दिशी मी त्येंच्या टोपीला नीळ दिली हुती. सकाळी सातला टोपी घालून बसल्यालं मानूस. वरून म्हनत्यात कसं, पास न्हाई म्हनला, त्येचा बी काय विलाज. तुझी बाजू घेतली माज्यापशी." तिचा आवाज चढला नाही. "च्या पी. पी आनि मग जा तोंड घिऊन."

चहा प्यायलो. ती उभी राहून बघत होती.

दाजींनी सुईत दोरा ओवला. लाल. "शिवतो. पर ह्या बारीला भाईरून."

"बाहेरून दिसेल."

"दिसाया पायजे म्हनून तर."

"साहेबांना विचारावं लागेल."

"इचारा की. न्हाईतर न्या तसंच, गळकं. तुमच्या हातात फोन हाय."

फोन हातातच होता. मी तो खिशात ठेवला आणि म्हणालो, "शिवा."

दाजींनी तीच भोकं धरून टाके घातले, बाहेरच्या बाजूला. वाळूच्या रंगावर रुपयाएवढी लाल फुली. मेण चोळलं, तांब्याभर पाणी ओतलं. खालून हात लावून पाहिला, कोरडा.

रविवारी साहेबांनी ती पाहिली. "हे काय?"

"खूण."

"काढा ती."

"काढली की गळतं, साहेब."

त्यांना पुढे बोलायला वेळ मिळाला नाही, गिऱ्हाईक फाटकातून आत येत होतं. पाणी मारलं, गळलं नाही. तो खूश झाला, हुडावर पुन्हा तळहात फिरवायला लागला आणि फुलीपाशी थांबला. "ही कसली?"

साहेब हसून म्हणाले, "विचारा आमच्या मिस्त्रींना." आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना खात्री होती की मान हलेल.

मी म्हणालो, "हूड तिसगावला शिवलंय. माझ्या बहिणीच्या यजमानांनी. जीपची हुडं शिवतात ते. इंग्लंडचं आलं होतं, ते बसलं नाही, माळ्यावर आहे. ही त्यांची फुली. आधी आतून होती, ती मी काढली म्हणून गळत होतं."

त्याने तळहात उचलला. गरम बॉनेटवरून उचलावा तसा. "म्हणजे लोकल."

मी विचारलं, "आता काय बदललं त्याच्यात?"

"तसं नाही हो, पण किमतीत फरक पडतो ना." मग तो साहेबांकडे वळला. पाऊण तास दोघांचं चाललं होतं. मी पायरीवर बसून ऐकत होतो. किंमत उतरली, आणि वर त्याने माळ्यावरचं हूडही मागून घेतलं. जे गाडीला बसत नाही, चार बोटं कमी आहे, ते. दाखवायला बरं, म्हणाला. मला म्हणाला, "ती फुली तेवढी काढून द्या."

"मी काढणार नाही."

"आम्ही पुण्यात काढून घेऊ."

"घ्या. गळेल."

गाडी पुणे रस्त्याने माझ्या गॅरेजवरूनच गेली. हूड वर होतं, शेजारच्या सीटवर इंग्लंडचं खोकं. कोपऱ्यातली फुली वळणापर्यंत दिसत होती. साहेबांनी त्या दिवसापासून माझ्याकडे एकही काम पाठवलेलं नाही, भेटले तर नमस्कार घेत नाहीत. त्यांना वाटतं मी त्यांना बुडवलं. काचेतला फोटो मी काढून ठेवला. भिंतीवर त्याची चौकट उमटून राहिलीय, गिऱ्हाइकं विचारतात, सांगतो.

संध्याकाळी दाजींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "गळलं का?"

"न्हाई."

"मग झालं."

त्यांचं झालं असेल. माझ्या डोक्यात अजून तो उचललेला तळहात आहे. आणि त्याच्यावर रागावताना मला दरवेळी मध्येच थांबावं लागतं, कारण त्याने पाऊण तासात जे केलं ते मी चार वर्षं करत होतो, आणि मला तर शिवणारा माणूस माहीत होता.

भाऊबीजेला तिसगावला गेलो. आक्काने ओवाळलं, ताटात दोन पुरणपोळ्या जास्तीच्या वाढल्या. दाजी शेजारी बसले. पाऊस, कारखाने कधी सुरू होणार, ऊसतोडीच्या टोळ्या कुठल्या भागात गेल्या, सगळं बोलले. मी वाट पाहत होतो. उत्तर तयार करून गेलो होतो, खरं उत्तर.

गाडीचं त्यांनी काही विचारलं नाही.