पडद्यावरची मोटर

"डावा हात खिशात!" आमचे मशीन लॅबचे सर दारातूनच ओरडायचे. दोन्ही हात पॅनेलवर असले की शॉक छातीतून आरपार जातो, म्हणून काम एका हातानं. कॉलेजात शिकवायला नवीन लागलो तेव्हा मी घाबरून दोन्ही हात खिशात घातले. सर पोरांसमोर म्हणाले, "मास्तर, आता कनेक्शन काय पायानं करनार व्हय?"

सर म्हसवडकडचे. असे सर तुम्हीही पाहिले असतील. त्याच आठवड्यात मी त्यांचा ॲमीटर जाळला. त्यांनी आधी धूर निघू दिला, मग मेन स्विच पाडला. "वास घे गड्या. आता जन्मात इसरनार न्हाईस." नाही विसरलो. पुढचा मी वेगळ्या पद्धतीनं जाळला.

त्यामुळे कॉलेजात व्हर्च्युअल लॅब आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच. माऊसनं वायर ओढायची. चुकलं तर लाल अक्षरं येतात, जळत काही नाही. सरांना मी कौतुकानं दाखवलं. त्यांनी पडद्यावरची मोटर बंद केली आणि पडद्यावर काहीतरी शोधू लागले.

"कपॅसिटरचं काय रं? मेन पाडल्यावर बी त्यात वीज ऱ्हाती. ती काडायची कुटं?"

"त्याचं बटण नाही, सर."

"मग पोरांना कळनार कवा?"

खऱ्या मोटरी भंगारात गेल्या, लॅबला एसी बसला. प्रात्यक्षिक परीक्षाही पडद्यावर. परीक्षक सरच, कुरकुरत का होईना, मार्क द्यायचे.

विट्याकडचा एक पोरगा पास होऊन सूतगिरणीत लागला. दुरुस्तीसाठी त्यानं मेन व्यवस्थित बंद केला आणि कपॅसिटरच्या पेटीत दोन्ही हात घातले. जागीच गेला.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. सर माझ्या मोटारसायकलवर मागं बसले होते. मी आपला खड्ड्यांवर बडबडत होतो; गप्प बसणं मला कधी जमलेलंच नाही.

वडील फौजेतून रिटायर झालेले. पाण्याचा तांब्या पुढं करून म्हणाले, "साहेब, गिरणीवाले म्हनत्यात पोराचीच चूक. तुमी त्याचे मास्तर. खरं सांगा, त्याला काम येत हुतं का न्हाई?"

"सुभेदार, आमी जेवडं शिकवलं तेवडं त्यानं सगळं बरोबर केलं."

"आन् मार्क?"

सरांनी तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "पैकीच्या पैकी. मीच दिलं."

वडिलांचा चेहरा जरा उजळला. आत वळून ते म्हणाले, "ऐकलंस का गं? पैकीच्या पैकी!"

सर पाणी न पिताच उठले. कॉलेजात ते पुन्हा आले नाहीत.